कंडेन्सेट लाइनवरचा ईआर प्रोब : प्रकल्प नोंदी

५ फेब्रुवारी २०२४, सोमवार

आमच्या सरकीच्या तेलाच्या कारखान्यात कंडेन्सेट हेडर, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी परत नेणारा मुख्य पाइप, पुन्हा फुटला. या हंगामातली तिसरी वेळ. जागा तीच, प्रेप (बी तयार करण्याच्या) विभागाच्या भिंतीलगतची आडवी लाइन, फ्लॅश टँकच्या १२ मीटर अलीकडे. क्लँप मारून संध्याकाळपर्यंत ओढली आणि मग तुकडा कापून काढला.

पाइप ५० एनबी (आतून साधारण ५० मिमी), सी क्लास, म्हणजे नवा असताना भिंत ४.५ मिमी. टाकून चार वर्षं झाली. कापलेला तुकडा बापू फिटरने उभा धरून आरपार पाहिला आणि मला दाखवला. वरच्या अर्ध्या भागात नुसता तपकिरी थर, खाली मात्र नांगराच्या तासासारखी एक सलग चरी. व्हर्नियर लावला तर वर ४.३ आणि चरीत, भोकाशेजारी, ०.८.

“साहेब, वरतीन पाईप नवा दिखस, खाले सडी गया,” बापू म्हणाले. रोगाचं निदान यापलीकडे जायचं नव्हतं. फक्त ‘का’ आणि ‘कधी’ राहिलं होतं.

जुन्या कूपन रॅकमधलं कूपनही, म्हणजे गंज मोजायला वजन करून लाइनमध्ये ठेवलेली लोखंडी पट्टी, आज काढलं. ७ डिसेंबरला टाकलं होतं, ६० दिवस झाले. साफ करून वजन केलं, घट ५८५ मिलिग्रॅम. क्षेत्रफळ २०.६ चौ. सेमी, घनता ७.८५, तास १४४०. ८७.६ गुणिले घट, भागिले बाकी सगळं. उत्तर वर्षाला ०.२२ मिमी. या हिशेबाने ४.५ मिमीचा पाइप वीस वर्षं टिकायला हवा, आणि तो चार वर्षांत गेला. पाणी-केमिकल पुरवणाऱ्यांचा दर महिन्याचा अहवाल मात्र ‘समाधानकारक’च. आकडा खोटा नाही. पण सरासरी ही अशी गोष्ट आहे की डोकं भट्टीत आणि पाय बर्फात असले तरी माणूस कोमट निघतो.

७ फेब्रुवारी

शेठजींसमोर बसलो. त्यांचा प्रश्न सरळ होता, “कूपन आहे ना? मग हा दुसरा खर्च कशाला?”

सांगितलं ते असं. कूपन दोन महिन्यांनी बोलतं, तेही एकच वाक्य: एवढं गेलं. कधी गेलं ते सांगत नाही. ईआर (विद्युत-रोध) प्रोब म्हणजे पाइपाच्याच धातूची एक पातळ पट्टी, तिच्यातून वीज सोडून रोध मोजायचा. पट्टी गंजून पातळ झाली की रोध वाढतो. दर तासाला मोजता येतं, प्लांट चालू असताना, काहीही न उघडता.

“मग ते पाण्यात घालून करंट देतात ते मीटर? ते स्वस्त आहे म्हणे.” हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. एलपीआर म्हणजे ध्रुवीकरण-रोधाची पद्धत, ती कूलिंग टॉवरच्या पाण्यात उत्तम चालते आणि लगेच दर सांगते. पण तिला वीज वाहून नेणारं पाणी लागतं. आमच्या कंडेन्सेटची वाहकता २० मायक्रोसीमेन्सच्या आत, जवळजवळ डिस्टिल्ड वॉटरच. शिवाय लाइन अर्धी भरलेली, वर वाफ. तिथे एलपीआरचे इलेक्ट्रोड काय वाचतील ते त्यांनाच माहीत. ईआरला पाणी, तेल, वाफ, वायू काहीही चालतं, कारण मोजमाप धातूच्या आतल्या आत होतं.

होकार मिळाला, पण एकाच प्रोबला. “आधी एक लावून दाखवा.”

१२ फेब्रुवारी

प्रोब आला आणि लावला. फ्लश प्रकार, म्हणजे पट्टी प्रोबच्या टोकाला सपाट बसवलेली, पाइपाच्या आतल्या भिंतीशी समतल. पट्टीची जाडी ०.२ मिमी, त्यातली निम्मी वापरायची. निम्मी झिजली की प्रोब बाद. म्हणजे आयुष्य १०० मायक्रॉन, त्याचे मीटरवर १००० भाग. एक भाग म्हणजे ०.१ मायक्रॉन. पुढे सगळीकडे ‘भाग’ लिहीन तो हाच.

पट्टीचा एकूण रोध १७ मिलिओहमच्या आसपास. एक भाग सरकला की ८-९ मायक्रोओहमचा फरक पडतो. आणि केबल? पॅनेलपर्यंत २० मीटर, १ चौ. मिमी तांब्याची, जाऊन-येऊन जवळपास ०.७ ओहम, पट्टीच्या चाळीसपट. म्हणून चार तारा लागतात. दोन करंट नेतात, दोन फक्त व्होल्टेज पाहतात, आणि केबलचा रोध हिशेबातून निघून जातो. इलेक्ट्रिशियन पोराने केबलचं बंडल कमी पडलं म्हणून दोनच तारा ओढल्या होत्या. प्रेमाने परत ओढायला लावल्या.

पट्टीच्या मागे, प्रोबच्या आत, तशीच एक झाकलेली पट्टी असते. तिला पाणी लागत नाही, पण तापमान लागतं. लोखंडाचा रोध दर अंशाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास वाढतो, म्हणून उघड्या पट्टीला झाकलेल्या पट्टीने भागायचं. तापमान वर-खाली झालं तर दोघींचं सारखंच होईल आणि भागाकार जागेवर राहील. हे तत्त्व. तत्त्वात सगळंच छान असतं.

बसवण्याची जागा: हेडरच्या वरच्या अंगाला, प्लॅटफॉर्मवरून हात पोचतो तिथे. बॉल व्हॉल्व्ह, वर ग्लँड (दोरी भरून गळती अडवणारी जोडणी), त्यातून प्रोब आत सरकवायचा. चालू लाइनवरही काढता येतो. ग्लँड थोडी गळत होती, ९० अंशांचा एक थेंब बापूंच्या हातमोज्यावर पडला. दोरी एकदा जास्त भरली, बंद. मागे ढकलला जाऊ नये म्हणून साखळी लावली. लाइनचा दाब एक बारही नाही, तरी साखळीशिवाय प्रोब सोडायचा नाही हा नियम पहिल्या दिवसापासून.

२६ फेब्रुवारी

चौदा दिवसांत सहा भाग.

शेठजी खूश. “म्हणजे पाइप ठीक आहे?” मी गप्प. सहा भाग म्हणजे अर्ध्या मायक्रॉनच्या जरा वर, वर्षाला ०.०२ मिमी सुद्धा नाही. मग चरी कुणी पाडली?

रात्री जेवताना लख्ख झालं आणि स्वतःचीच लाज वाटली. टेबलाखाली अजून तो कापलेला तुकडा पडलाय. चरी खाली आहे, घड्याळाच्या सहावर. प्रोब मी बाराला लावलाय, कारण तिथे हात पोचतो. वर नुसती वाफ, लाइनला लॅगिंग (उष्णता राखणारं वेष्टन) असल्यामुळे तिथे पाणीही फारसं जमत नाही. चोर मागच्या दाराने येतो हे माहीत असताना मी पुढच्या दाराशी राखण बसवली.

१ मार्च, शुक्रवार

शुक्रवार आमची सुट्टी. गुरुवारी रात्री बॉयलर बंद, शनिवारी पहाटे पऱ्हाटीच्या ब्रिकेट टाकून पुन्हा चालू. आज लाइन थंड होती, हेडरच्या तळाला छिद्र पाडून नवी जोडणी वेल्ड केली. पट्टी आता बरोबर चरीच्या जागी. प्रोब नवा नाही, तोच, पण मीटर शून्यावर आणून सुरुवात केली.

तळाला लावण्यात एक तोटा आहे आणि तो आधीच लिहून ठेवतो: गंजाचा गाळ जोडणीत उतरतो, प्रोब काढताना अडकतो. म्हणून शक्य असेल तर लोक तळ टाळतात. आम्हाला शक्य नाही.

९ मार्च, शनिवार

काल महाशिवरात्र, शिवाय शुक्रवार. आज दुपारी आलेखाकडे बघतच राहिलो.

गुरुवारी दुपारी ४ वाजता ६२ भाग. शनिवारी पहाटे लाइन तापली तेव्हा आकडा सरळ उभा उडाला, १५० च्या वर. मग हळूहळू खाली आला आणि ४ वाजता १०४ वर स्थिरावला. म्हणजे दोन दिवसांत ४२ भाग, ४.२ मायक्रॉन. चालू दिवसांत दिवसाला दोन भागही जात नाहीत.

मीटर विकणाऱ्याला फोन केला. “टेम्परेचर इफेक्ट आहे साहेब, इग्नोर करा.” दुर्लक्ष करायला हरकत नव्हती, पण ती उसळी खरंच तापमानाची असेल तर ती पूर्ण परतायला हवी. ही अर्धीच परतली.

१३ मार्च

कागदावर हिशेब. पट्टी आणि झाकलेली पट्टी यांच्यात एका अंशाचा फरक राहिला तर भागाकार अर्धा टक्का हलतो. २०० मायक्रॉनचा अर्धा टक्का म्हणजे १ मायक्रॉन, म्हणजे १० भाग. थंड लाइनमध्ये एकदम ९० अंशांचं पाणी आलं की उघडी पट्टी आधी तापते, आतली मागाहून. पाच अंश मागे राहिली तर ५० भागांची खोटी झीज. विक्रेता अगदीच चूक नाही.

म्हणून प्रयोग. दुपारच्या सुट्टीत प्रोब काढला (गाळ अडकला होताच), पुसला, आधी माठातल्या पाण्यात आणि मग उकळत्या पाण्याच्या बादलीत धरला. बापू एका हातात कळण्याची भाकरी, दुसऱ्या हातात घड्याळ घेऊन उभे. आकडा ५८ भाग वर गेला. अर्ध्या तासात पाणी सारखं झालं, आकडा उतरून जुन्या जागेच्या दोन भाग इकडे-तिकडे आला. परत माठात बुडवला, तर उलटा, खाली गेला आणि पुन्हा जागेवर.

मिळालं. तापमानाची उसळी परत येते, झीज परत येत नाही. डोंगर असेल तर तापमान, पायरी असेल तर गंज. आता ठरवलं की आकडे फक्त स्थिर स्थितीतले घ्यायचे: गुरुवार दुपारी ४ आणि शनिवार दुपारी ४. मधलं काही वहीत लिहायचं नाही.

२३ मार्च

तीन शुक्रवार झाले.

७ मार्च ६२, ९ मार्च १०४.
१४ मार्च ११३, १६ मार्च १५१.
२१ मार्च १६०, २३ मार्च २०१.

पायऱ्या ४२, ३८, ४१. मधल्या सपाट भागात पाच दिवसांना नऊ भाग. आलेख जिन्यासारखा दिसतो, मोजून चढता येईल इतका. आमचा पाइप चालताना गंजत नाही. सुट्टीच्या दिवशी गंजतो.

२८ मार्च, गुरुवार रात्र

आज थांबलो, बघायलाच. नाना बॉयलरवर. १० वाजता त्यांनी मेन स्टीम व्हॉल्व्ह बंद केला. मला वाटलं होतं लाइन आता निपचित पडेल.

११ च्या सुमारास कुकरच्या मागे उभा होतो. पंखे बंद, एक्सपेलर बंद, सरकीच्या ढेपेचा वास, बाहेर कुत्रं. आणि हेडरच्या युनियनपाशी (दोन पाइप जोडणाऱ्या आट्यांच्या जोडापाशी) एक बारीक शीळ. गळती म्हणून हात नेला तर वाफ बाहेर येत नव्हती, वारा आत जात होता. विडीचा धूर धरून पाहिला (विडी नानांची, मी फक्त धरली). धूर थेट युनियनच्या फटीत शिरला.

“हाई रोजनंच शे,” नाना म्हणाले. “बंद व्हयनी का लाइन श्वास लेस.”

बारा वर्षं ते हे ऐकताहेत. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

कारण साधं आहे. १०० अंशांची एक किलो वाफ १६०० लिटरहून जास्त जागा व्यापते, तिचं पाणी झालं की एक लिटर. बंद लाइनमध्ये वाफ विरली की पोकळी होते आणि प्रत्येक ग्लँड, युनियन, ट्रॅपमधून हवा आत ओढली जाते. खाली कंडेन्सेटचं डबकं उभं असतंच. ते निवताना ऑक्सिजन पितं. ३५ अंशाला सुमारे ७ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) इतका मावतो. त्यात आधीचा कार्बन डायऑक्साइड विरघळलेला, पाणी आंबट. तीस तास ते डबकं तळाशी बसून राहतं. शनिवारी पहाटे वर गरम पाणी येतं आणि हे सगळं एकदा चांगलं शिजतं.

२ वाजता घरी. ३० तारखेची पायरी ३९.

३ एप्रिल

कार्बन डायऑक्साइड कुठून येतो त्याची नोंद, कारण शेठजींनी विचारलं, “सॉफ्टनर तर बसवलाय की?”

सॉफ्टनर कॅल्शियम काढतो, सोडियम देतो. बायकार्बोनेट जसंच्या तसं राहतं. आमची बोअर काळ्या खडकातली, क्षारता ३२० पीपीएम. बॉयलरमध्ये सोडियम बायकार्बोनेट फुटून कार्बोनेट होतं, तेही बऱ्यापैकी फुटतं, दोन्ही वेळा कार्बन डायऑक्साइड सुटून वाफेबरोबर निघतो. ठोकताळा असा की एक पीपीएम क्षारतेमागे ०.७९ पीपीएम. आमचं ६० टक्के कंडेन्सेट परत येतं, ४० टक्के पाणी नवं. ३२० चे ४० टक्के १२८, त्याला ०.७९ ने गुणलं की वाफेत साधारण १०० पीपीएम. नळी पाण्यात बुडवून, थंड करून, हवा न लागू देता नमुना घेतला तर पीएच ५.३. अहवालात इतकी वर्षं ७ येत होता. बाटली टेबलावर उघडी राहिली की वायू उडून जातो आणि पीएच आपोआप सज्जन होतो.

केमिकलवाल्यांचा प्रस्ताव: अमाइन. मॉर्फोलिन आणि सायक्लोहेक्झिलअमाइन वाफेबरोबर जाऊन कंडेन्सेटचा पीएच वर आणतात. मॉर्फोलिन पहिल्याच पाण्यात उतरतं, सायक्लोहेक्झिलअमाइन लांबवर जातं, म्हणून दोन्ही मिसळून देतात. उपाय खरा आहे. पण आमच्या डिओडोरायझरमध्ये (तेलाचा वास काढणाऱ्या टाकीत) वाफ थेट तेलात सोडतात, तीच वाफ. अमेरिकेच्या नियमात अन्नाला लागणाऱ्या वाफेत दोन्हींची मर्यादा १० पीपीएम प्रत्येकी. आमच्या १०० पीपीएमपुढे तेवढ्याने काय होणार? शिवाय लोकांच्या कढईत जाणाऱ्या तेलाला मला ते लावायचंच नाही. आणि मुख्य म्हणजे ऑक्सिजनचं अमाइनला काही देणंघेणं नाही. सल्फाइट आपण टाकतोच, पण ते बॉयलरच्या पाण्यात राहतं, वाफेबरोबर येत नाही.

माझं म्हणणं: डबकंच राहू देऊ नका. कोरडं लोखंड गंजत नाही. बंद केल्यावर लाइन गरम असतानाच सगळे ड्रेन उघडायचे. हवा शिरू दे, पाणी नको.

“खर्च?”

“नानांची वीस मिनिटं.”

शेठजी प्रथमच हसले.

६ एप्रिल

गुरुवारचा आकडा २५७. रात्री नानांनी पाचही ड्रेन उघडले. आज २७६. पायरी १९. चाळिशीवरून निम्म्यावर, पण निम्म्यावरच का?

आधीच्या चार आठवड्यांचा हिशेब मांडून ठेवतो. ७ मार्च ते ४ एप्रिल, २८ दिवस, १९५ भाग. त्यातले १६० चार पायऱ्यांचे. वर्षाला ०.२५ मिमी, म्हणजे कूपनचं ०.२२ आणि हे एकाच घरातले. कूपन खोटं बोलत नव्हतं, आम्ही त्याला तारीख विचारली नव्हती.

नवं कूपन आजच टाकलं.

१२ एप्रिल, शुक्रवार

लेव्हल ट्यूब घेऊन हेडरभर फिरलो. दोन सपोर्टच्या मध्ये पाइप १८ मिमी खाली झोल खाऊन आहे, आणि प्रोब जवळपास त्याच झोलात. ड्रेन झोलाच्या दोन्ही टोकांना, पाणी मध्ये. गेल्या आठवड्यात दोन्हीकडचे कॉक उघडून आपण डबक्याच्या काठावर उभे होतो. झोलाच्या तळाला नवा ड्रेन पॉइंट वेल्ड केला, सपोर्ट उचलून घेतला. दिवसभर लाइन उघडीच होती, त्यामुळे उद्याच्या आकड्याला अर्थ नाही. (पायरी आली २१.)

१७ एप्रिल

आकडा पाच-सात भाग थरथरतोय, सकाळी ९ ते रात्री. बॉयलरचा धूर ओढणाऱ्या आयडी फॅनच्या नव्या व्हीएफडीची (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाची) केबल आमच्या केबलसोबत एकाच ट्रेमध्ये. शील्डही दोन्ही टोकांना अर्थ केलेली. ट्रे बदलला, शील्ड फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ केली. थरथर गेली.

२७ एप्रिल

१८ एप्रिल ३१३, २० एप्रिल ३२२. २५ एप्रिल ३३०, २७ एप्रिल ३३८. पायऱ्या ९ आणि ८. जिन्याचा उतार झाला.

शेजारच्या युनिटचे एक ओळखीचे इंजिनिअर बघायला आले होते. त्यांना बायोगॅसच्या लाइनवर असाच प्रोब लावायचाय. माझ्या मागच्या नोकरीतला किस्सा सांगितला: तिथे प्रोब तीन आठवडे उणे आकडे दाखवत होता, म्हणजे लोखंड दिवसेंदिवस जाड होतंय! गॅसमधल्या हायड्रोजन सल्फाइडने पट्टीवर लोह सल्फाइडचा थर चढवला होता. तो थर वीज वाहून नेतो, रोध कमी दिसतो. पट्टी खालून गंजत होती आणि मीटर म्हणत होता, बाळसं धरलंय. अशा ठिकाणी ईआरवर एकट्यावर भिस्त ठेवायची नाही. आमच्याकडे सल्फाइड नाही, ऑक्साइडचा पातळ थर इतका फसवत नाही.

८ मे

परवा आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. इथल्या कारखान्यात दिवाळीला माणूस मिळेल, आखाजीला नाही. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके, खापरावरचे मांडे, आमरस. शेठजींनीच गुरुवार रात्र ते सोमवार पहाट बंद जाहीर केलं. साडेतीन दिवस.

हीच खरी परीक्षा. एरवी लाइन तीस तास बंद असते, या वेळी साडेतीन दिवस सगळं थंड पडणार. बाहेर ४४ अंश असले तरी रात्री लाइन घाम धरते. नानांशी ठरवलं: ड्रेन उघडायचे, मग टोकाच्या कॉकमधून कॉम्प्रेसरची हवा वीस मिनिटं सोडायची, पाणी येणं थांबेपर्यंत नव्हे, हवा कोरडी लागेपर्यंत. हात धरून बघायचं.

नानांनी हवा तपासायला तळहात नाही, गाल लावला. “हात काय सांगी? चाळीस वरीस कोयसा उचला.”

१३ मे, सोमवार

९ मे ला ३६३. आज पहाटे ५ ला चालू, दुपारी ४ ला ३८०. साडेतीन दिवसांत १७ भाग. मार्चमध्ये एका शुक्रवारी ४० जात होते.

डब्यात सगळ्यांचे उरलेले मांडे. काम जरा सावकाश.

२१ मे

काल धुळे मतदारसंघाचं मतदान. सुट्टी द्यायची हे माहीत होतं, पण आम्ही चालू ठेवू, दोन पाळ्यांत मतदान करून येतील, असं ठरलेलं. १९ ला रात्री उशिरा बेत बदलला, बॉयलर बंद. नाना त्या पाळीत नव्हते, रिलीव्हरला ड्रेनचं कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीवर कागद नव्हता. ही चूक माझी. पद्धत बसली असं मी धरून चाललो होतो. बसली होती ती नानांच्या अंगात.

१९ मे ३९६. आज ४३२. पायरी ३६.

पूर्ण साडेतीन दिवसांच्या आखाजीत १७ आणि मतदानाच्या एका दिवसात ३६. मला हवा असलेला पुरावा इतका स्वच्छ मी ठरवूनही मिळवू शकलो नसतो, कारण ठरवून कुणी मला तसं करू दिलं नसतं. आलेखाची प्रिंट काढून शेठजींच्या टेबलावर ठेवली. दोन पायऱ्यांवर लाल पेनने फक्त ‘ड्रेन उघडे’ आणि ‘ड्रेन बंद’ लिहिलं.

संध्याकाळी सगळ्या सहा कॉकना पिवळा रंग आणि आकडे. बॉयलरच्या लॉगबुकात एक रकाना वाढवला: ‘ड्रेन १ ते ६ उघडले – वेळ – सही’.

३ जून

प्रोब आज ४६४. निम्मं आयुष्य अजून शिल्लक.

कूपन काढलं, ५८ दिवस, घट ३४० मिलिग्रॅम, वर्षाला ०.१३ मिमी. प्रोबचे त्याच काळातले १८८ भाग, म्हणजे ०.१२. यात झोलाचा आठवडा आणि मतदानही आलं. मधले स्वच्छ चार आठवडे, २० एप्रिल ते १८ मे, वेगळे काढले तर आखाजी धरूनही ७२ भाग, वर्षाला ०.०९.

पण कूपन साफ केल्यावर भिंगाखाली धरलं. सरासरी झीज ०.०२१ मिमी. आणि खड्डे? सुई-गेजने सर्वांत खोल खड्डा ०.१२. सहापट जवळपास. हे प्रोब दाखवत नाही, त्याच्या हिशेबात खड्डा सगळ्या पट्टीवर पसरून पातळ होतो. भोक मात्र खड्ड्यातूनच पडतं. शेठजींना ०.०९ सांगितला तेव्हा हेही त्याच कागदावर लिहून दिलं. प्रोब सांगतो गंज कधी चढतो. पाइपाची किती भिंत उरलीय ते अल्ट्रासॉनिक गेजनेच बघायचं, तळाच्या अंगाने, दर तीन महिन्यांनी. खडूने वीस खुणा करून पहिलं वाचन घेतलं. सर्वांत कमी २.१ मिमी, खूण क्रमांक ७, जुन्या झोलाच्या अलीकडे. तो सहा मीटरचा नग पावसाळी बंदमध्ये बदलायचा, पाइप मागवला.

दुसऱ्या प्रोबला मंजुरी मिळाली. डिओडोरायझरच्या कंडेन्सेटवर. जागा बघायला बापूंबरोबर गेलो, त्यांनी न विचारता शिडी बाजूला ठेवली आणि पाइपाखाली आडवे झाले.